वाट्याला आलेलं मिठाचं पाणी

लग्नात, दशक्रियेला, रिक्षात, बँकेच्या रांगेत, कुठेही गेले आणि मी लसींच्या चाचण्यांवर काम करायचे हे कुणाला कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "काय हो सिस्टर, एरवी लस काढायला दहा-दहा वर्षं लागतात म्हणे. मग करोनाची एका वर्षात कशी निघाली?" विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर चोर रंगेहाथ पकडल्याचा आनंद असतो. मागे एकदा दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात यंत्र घातलेलं असताना हा प्रश्न विचारला. मला बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, आणि ते साफ चुकीचं होतं. मी नुसतीच घशातून आवाज काढत राहिले. त्यांना वाटलं, मी होकार देतेय.

दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा म्हटल्यावर मी लगेच हो म्हणाले ते याच वैतागातून. एकदाचं लिहून टाकते. यानंतर कुणी विचारलं की अंक दाखवायचा.

मी परिचारिका. सरकारी उपकेंद्रात बरीच वर्षं काढून मग नगरमधल्या एका चाचणी केंद्रात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. केंद्र म्हणजे एका रुग्णालयाच्या मागच्या बाजूच्या चार खोल्या. काम काय, तर नवी लस बाजारात येण्याआधी ती माणसांवर तपासायची. निम्म्या लोकांना खरी लस टोचायची, निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलं ते टोचून घेणाऱ्याला ठाऊक नसतं, मला नसतं, आमच्या डॉक्टर मॅडमनाही नसतं. प्रत्येक कुपीवर फक्त एक कोड. कोणता कोड लसीचा नि कोणता पाण्याचा, हे दूर कुठेतरी कुलपात. मग वाट पाहायची. मिठाच्या पाण्यावाले जास्त आजारी पडले आणि लसवाले कमी, तर लस चालते. एवढंच. यात आजारी पडण्याचं काम मिठाच्या पाण्यावाल्यांनी करायचं असतं, हे मात्र कुणी मोठ्यानं बोलत नाही. मीही बोलत नसे.

वेळ कुठे जातो ते सांगते. करोनाच्या खूप आधी आमच्याकडे तान्ह्या बाळांच्या जुलाबावरच्या लसीची चाचणी होती. पाथर्डीकडच्या एका गावातली कौसाबाई म्हणून एक बाळंतीण, तिचं बाळ आमच्या यादीत. नवराबायको दोघं ऊसतोडीला जाणारे. तिसऱ्या भेटीत बाळाचं रक्त घ्यायचं होतं आणि त्याला ठरावीक दिवसांची मुदत होती. मी गावात गेले तर घराला कुलूप. टोळी कारखान्यावर गेलेली. बर्फाची पेटी मांडीवर घेऊन एक एसटी, एक टेम्पो आणि वर तासभर पायपीट करून मी त्यांच्या कोप्यांवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर पोहोचले. मुकादम आडवा आला.

"रगत कशाला न्हेता पोराचं? कुठं इकता का काय?"

माझ्या आधी कौसाबाईच म्हणाली, "न्हेऊ द्या त्यान्ला. पोरगं माजं हाय, तुमचं न्हाई." मग माझ्याकडे वळून, "शिष्टर, तुमी हितवर आल्या? मला वाटलं, आता आमचं नाव काटलं आसंल."

नाव काटलं नव्हतं. रक्त मिळालं, मुदतीत पोहोचलं. मी स्वतःवर फार खूश होते. पुढे काय झालं? पुढे काहीच झालं नाही. रक्ताचे निकाल यायला काही महिने. ते पाहून पुढच्या टप्प्याला पैसे द्यायचे की नाही यावर कुणीतरी कुठेतरी विचार करत बसलं. परवानगीची फाईल एका टेबलावर, त्या टेबलाचा माणूस बदलीवर. चाचणीत माणसांवर अन्याय होत नाही ना ते बघणारी आमची नीतिसमिती दोन महिन्यांतून एकदा बसायची आणि दोन सदस्य आले नाहीत की तीही बसायची नाही. लस चांगली आहे हे पक्कं कळेपर्यंत कारखाना उभा करायला कुणी तयार नाही. ती लस उपकेंद्रात आली तेव्हा कौसाबाईचं ते पोरगं तिसरीत होतं.

तर, दहा वर्षं लागतात ती अशी. त्यातली बरीचशी वर्षं शास्त्राला लागत नाहीत, टेबलांना लागतात. हे मला आधीपासून ठाऊक होतं. जगाला ते कळायला महामारी यावी लागली.

करोनाच्या चाचणीची कागदपत्रं आमच्याकडे आली तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचली. दोन महिन्यांनी बसणारी समिती आता आठवड्यातून दोनदा फोनच्या पडद्यावर बसत होती. जे उत्तर यायला महिना लागायचा ते दुपारपर्यंत यायचं. मला आनंद व्हायला हवा होता. राग आला. हे सगळं करता येत होतं तर. इतकी वर्षं फक्त करत नव्हतात.

चाचणीसाठी स्वयंसेवक हवे होते. भिंगारहून जगताप काका आले ते त्याच आठवड्यात. लष्कराच्या डेपोत स्टोअरकीपर म्हणून नोकरी केलेले, सिव्हिलियन, साठी ओलांडलेली. बरोबर मालतीकाकू. काकूंना चाचणीत यायचं नव्हतं, त्यांना सुईची भीती. त्या बाहेरच्या बाकावर पदर तोंडाला धरून बसल्या होत्या. काकांनी संमतीपत्राची सगळी पानं वाचली. एरवी लोक शेवटचं पान काढून सही कुठे करायची तेवढं विचारतात. काकांनी प्रत्येक पानावर पेन्सिलीनं खुणा केल्या.

"इतक्या लवकर कशी तयार झाली ही?" त्यांनीही विचारलंच.

"काका, एक पायरी संपली की दुसरी, असं पूर्वी असायचं," मी म्हटलं. "आता एक चालू असतानाच दुसरीची तयारी करतात. पायरी गाळलेली नाही."

"आणि माल? तो कधी बनवणार?"

"बनवायला घेतलाय."

"निकालाच्या आधीच? आणि नापास झाली तर?"

"टाकून देणार."

स्टोअरकीपरला हे पटेना. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग लसच मुळात एवढ्यात कुणाला सापडली?"

"ती रीत आधीपासून शोधून ठेवलेली. याच्या भाऊबंदातल्या विषाणूंवर शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं काम करत होते. पिठाची गिरणी तयार होती म्हणा. यंदा दाणा वेगळा टाकला."

"आणि निकाल लवकर कसा येणार? तुम्ही म्हणता लोक आजारी पडायची वाट बघावी लागते."

मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. रस्त्यावरून रुग्णवाहिका चालली होती. त्या दिवसांत वाट फार पाहावी लागत नव्हती.

काकांनी सही केली. "म्हणजे मला पाणी मिळालं तरी माझा उपयोग आहे," ते म्हणाले. एवढ्या वर्षांत हे मी न सांगता समजलेला हा पहिला माणूस.

त्यानंतर त्यांनी मला भंडावून सोडलं, हेही सांगायला हवं. प्रत्येकाला घरी एक डायरी कार्ड द्यायचो, त्यात रोजचा ताप, दुखणं लिहायचं. लोक भेटीच्या आदल्या दिवशी सगळं कार्ड एकाच शाईत भरून आणायचे. काका सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचे आणि मला फोन करायचे. "सिस्टर, आज अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. काल पॉइंट दोन होता. याला वाढ म्हणायची का?" मी स्वयंपाक करताना, आंघोळीला निघताना, कधीही. शेवटी म्हटलं, काका, शंभरच्या वर गेला तरच फोन करा. दुसऱ्या दिवशी फोन. "शंभरच्या वर नाहीये, एवढंच कळवायला केला."

दोन्ही डोस झाल्यावर एक दिवस ते घडी घातलेला कागद घेऊन आले. खाजगी लॅबमध्ये जाऊन स्वतःच्या पैशानं रक्त तपासून आले होते, अंगात प्रतिपिंडं तयार झालीत का ते पाहायला.

"काका, तो कागद खिशात ठेवा. मी पाहायचा नाही. तुम्हाला काय टोचलंय ते मला कळलं तर माझं निरीक्षण बिघडतं."

"बरं, पाहू नका. मी नुसतं सांगतो."

"सांगूही नका!"

"मला पाणीच टोचलंय, सिस्टर," ते हळूच म्हणाले आणि बाहेर बाकावर बसलेल्या काकूंकडे बघून हसले. मी कानांवर हात ठेवले होते, पण उशिरा.

मार्च उजाडला आणि साठीच्या वरच्यांना सरकारी लस खुली झाली. आता खरी पंचाईत. आमचे स्वयंसेवक म्हणू लागले, बाहेर लस मिळतेय, मला पाणी टोचलं असेल तर मी का थांबू? बरोबरच होतं. त्यांचा कोड उघडून सांगायचं आणि पाणी निघालं तर लस घ्यायला मोकळं करायचं, हे तत्त्व कागदावर होतं. किती दिवसांत, ते नव्हतं. काकांनी रीतसर अर्ज दिला. मी तो पुढे पाठवला. लस बनवणाऱ्या कंपनीकडून एका ओळीचं उत्तर आलं, अर्ज विचाराधीन आहे.

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो इथे. लस शोधायला, बनवायला, तपासायला जगानं जीव तोडून घाई केली. त्या घाईत टेबलं हलली, फाईली पळाल्या. आणि ज्या माणसानं त्यासाठी दंड पुढे केला त्याच्या एका अर्जापाशी येऊन सगळं पूर्वीसारखं संथ झालं. मी रोज फोन करायचे. ज्यांची सही लागणार ते साहेब विलगीकरणात. मग दुसरे साहेब, त्यांना आधीचा पत्रव्यवहार सापडेना. मग ते म्हणाले, "सिस्टर, अजून थोडे दिवस कोड बंद राहिले तर आकडे भक्कम होतील." आकडे!

काका दर सोमवारी यायचे. "आलं का पत्र?"

"या आठवड्यात येईल, काका. थांबा."

"तसाच जाऊन घेऊ का लस? सरळ रांगेत उभा राहतो."

"नको. तुम्हाला खरी लस टोचलेली असली तर दोन वेगळ्या लसी अंगात जातील. त्याचं काय होतं ते अजून कुणाला माहीत नाही. थांबा."

थांबा हा शब्द मी किती वेळा वापरला ते मला आठवतं. मी चुकीचं सांगत नव्हते. माझ्या हातातल्या नियमांप्रमाणे ते बरोबर होतं. पण मला एक गोष्ट ठाऊक नव्हती आणि ती मी विचारलीही नाही. काका थांबलेत म्हणून मालतीकाकूही थांबल्या होत्या. त्या चाचणीत नव्हत्या. त्यांना पहिल्याच दिवशी लस घेता आली असती. पण सुईची भीती, आणि त्यांनी काकांना सांगितलं होतं, "तुमचं पत्र येऊ दे. दोघं बरोबर जाऊ. तुम्ही हात धरा माझा."

एप्रिलच्या सुरुवातीला काकांचा फोन आला. या वेळी त्यांनी आकडा सांगितला तो एकशे एकच्या वरचा होता.

आम्ही नियमाप्रमाणे घरी जाऊन त्यांचा स्वॅब घेतला. मी पोशाख घालून दारात उभी, काका खुर्चीवर, आत काकू खोकत होत्या. मी काकूंचाही स्वॅब घ्यावा म्हणून काका विनवत होते. माझ्या पेटीत एकच नळी होती, काकांच्या नावाची, काकांच्या कोडची. काकू आमच्या कुणी नव्हत्या. त्यांना सरकारी रांगेत उभं राहावं लागणार होतं आणि त्या रांगा तेव्हा कशा होत्या ते नगरमधल्या कुणालाही सांगायची गरज नाही.

मी परत केंद्रात आले, दुसरी नळी घेतली, स्वतःच्या जबाबदारीवर गेले आणि काकूंचा स्वॅब घेऊन तो ओळखीच्या लॅबला दिला. नियमात बसत नव्हतं. मॅडमनाही तसं सांगितलं. पण तेवढ्यानं काय होतंय? काका आठवडाभरात सावरले. काकूंना ऑक्सिजनची खाट मिळाली ती दोन दिवस उशिरा, आणि त्यानंतर त्या पाचच दिवस होत्या.

काकांचं पत्र त्या गेल्यानंतर आलं. कोड उघडला. मिठाचं पाणी.

काकू लस घेऊन वाचल्याच असत्या असं मी म्हणणार नाही. या धंद्यात राहून तसं म्हणता येत नाही. एकट्या माणसाबद्दल लस काहीच शपथेवर सांगत नाही, ती हजारोंबद्दल सांगते. पण त्यांना एक डोस मिळाला असता आणि तो अंगी लागायला महिना मिळाला असता, एवढं तरी खरं आहे. तो महिना मी "थांबा" म्हणण्यात घालवला.

चाचणीचा निकाल पुढे एका मोठ्या परदेशी मासिकात छापून आला. मॅडमनी प्रत मागवली होती. त्यात एक तक्ता होता, लसवाले किती आजारी पडले, पाण्यावाले किती. पाण्यावाल्यांच्या रकान्यातला एक म्हणजे जगताप काका. त्यांच्या तापानंही ती लस सिद्ध झाली, शब्दशः. काकू त्या तक्त्यात कुठेच नाहीत. असणारही नव्हत्या.

मला वाटलं होतं, काका आता आमचं तोंड पाहणार नाहीत. ते शेवटच्या भेटीला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी आले. डायरी कार्ड पूर्ण भरलेलं. मधले आजारपणाचे दिवसही सोडलेले नव्हते. प्रश्नावलीत एक प्रश्न असतो, या काळात घरातल्या अन्य कुणाला हा आजार झाला का? मी तो गाळून पुढच्या प्रश्नावर गेले.

"सिस्टर, एक प्रश्न सुटला."

"राहू द्या काका."

"नाही. विचारा."

मी विचारलं. त्यांनी "हो" म्हटलं. मी "हो" वर खूण केली. त्याच्यापुढे काही लिहायला जागाच नव्हती.

मग महामारी ओसरली आणि घाईही ओसरली. एक दिवस कौसाबाईचा फोन. तिच्या नवऱ्याला क्षय झालेला, औषधं चालू. ती विचारत होती, "शिष्टर, टीबीची लस न्हाई का हो आजून मोठ्या मान्सास्नी? करोनाची तर वरसात आली." मी तिला समजावायला गेले की क्षयाचा जंतू वेगळा, तो वर्षानुवर्षं अंगात लपून राहतो, लहानपणीची लस मोठेपणी फारशी पुरत नाही, नव्या लसींच्या चाचण्या चालू आहेत पण वेळ लागतो. हे सगळं खरं होतं. बोलता बोलता मला माझाच कंटाळा आला. कारण दुसरंही खरं होतं. क्षयानं विमानं थांबत नाहीत आणि बाजार बंद पडत नाहीत. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय, आमच्यासाठी कोन घाई करतंय."

त्याच वर्षी मोठ्या माणसांसाठीच्या क्षयाच्या एका नव्या लसीची चाचणी आमच्या केंद्राकडे आली. माझं नोकरीचं ते शेवटचं वर्ष. नीतिसमितीत डॉक्टर, वकील यांच्याबरोबर एक साधा नागरिक लागतो, ज्याचा औषधांशी संबंध नाही असा. ती जागा रिकामी झाली होती. मॅडमनी विचारलं, कुणी आहे का, जो कागद वाचेल? मी जगताप काकांचं नाव सांगितलं. मॅडम म्हणाल्या, विचारून पाहा.

काका तयार झाले. पहिल्याच बैठकीत त्यांनी सगळ्यांचा जीव काढला. पाचव्या पानावर शब्द चुकलाय, नवव्यावर फोन नंबर कुणाचा, संमतीपत्राचं मराठी असं का की मराठी माणसालाच कळू नये. वकीलसाहेब घड्याळ बघत होते. पडद्यावर कंपनीचे एक तरुण साहेब होते, तेही अधूनमधून खाली बघत होते. मी कागद पुरवायला कोपऱ्यात बसले होते.

काका चौदाव्या पानावर आले. "इथे लिहिलंय, बाहेर दुसरी लस उपलब्ध झाल्यास स्वयंसेवकाचा कोड उघडण्याची व्यवस्था केली जाईल. किती दिवसांत?"

"सर, शक्य तितक्या लवकर," पडद्यावरचे साहेब म्हणाले.

"तो आकडा नाही. आकडा लिहा."

"सर, तसा आकडा सहसा लिहीत नाहीत. प्रत्येक अर्ज वेगळा असतो."

"मग समितीची मंजुरीही वेगळ्या दिवशी घेऊ."

वकीलसाहेबांनी घड्याळावरून नजर काढली. साहेबांनी आवाज बंद करून बाजूला कुणाशी तरी बोलून घेतलं, मग परत आले. "ठीक आहे सर. एक महिना लिहूया का? एक महिना पुरेसा आहे."

"एक महिना आम्ही थांबलो होतो," काका म्हणाले. "मी आणि माझी बायको. पाच दिवस लिहा."

साहेबांना यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. पण त्यांनी पुढे विचारलं नाही. पाच दिवस लिहिले गेले. काकांनी तो परिच्छेद पुन्हा वाचला, पाच हा आकडा अक्षरी लिहायला लावला, आणि मग सही केली.